६८ मिनिटांचं अंतर

प्रोस्टेटचा कर्करोग सापडला की पहिला प्रश्न पडतो तो एकच : रोग ग्रंथीतच आहे की बाहेर पसरलाय? या उत्तरावर पुढचे सगळे उपचार ठरतात. २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात जास्त धोक्याच्या ३०२ रुग्णांच्या तपासण्या ताडून पाहिल्या. सीटी आणि हाडांचा स्कॅन मिळून अचूकता ६५ टक्के निघाली, पीएसएमए पेट स्कॅनची (यात कर्करोगाच्या पेशींना चिकटणारं किरणोत्सारी औषध टोचून रोग कुठे पसरलाय ते पाहतात) ९२ टक्के. म्हणजे ज्याच्या वाट्याला फक्त जुनी तपासणी येते, त्याचे उपचार अपुऱ्या माहितीवर ठरण्याची शक्यता कितीतरी जास्त.

मग हा पेट स्कॅन सगळीकडे का नाही? पैसा हे कारण आहेच, पण मला घड्याळाबद्दल बोलायचंय. या तपासणीच्या औषधात वापरतात ते गॅलियम-६८ हे किरणोत्सारी द्रव्य दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं. वाटेत तीन तास गेले, तर भरलेल्यातला जेमतेम सहावा हिस्सा हाती लागतो. त्याच कामाचं फ्लोरिन-१८ जरा दमानं संपतं, ११० मिनिटांनी निम्मं, म्हणून ते थोडं लांब पाठवता येतं. तरीही लांबच्या रुग्णाला स्वतःच उठून मोठ्या शहरात यावं लागतं. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये गॅलियमच्या या औषधाला पहिली मान्यता मिळाली, तीसुद्धा कॅलिफोर्नियातल्या दोनच विद्यापीठांना. विमानाचं भाडं आणि रजा ज्याला परवडली, तो तिथे पोचला. त्याच देशात कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये या कर्करोगाचा मृत्युदर गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे. त्याची कारणं अनेक आहेत, पण तपासणी वेळेवर न मिळणं हे मला त्यातून वगळता येत नाही.

एमआरआयचं दुखणं वेगळं. तिथे यंत्र असतं, पण प्रोस्टेटचा एमआरआय वाचणारा सरावलेला डॉक्टर नसतो. शिवाय फेऱ्या : एक स्कॅनची, एक रिपोर्टची, एक बायोप्सीची, म्हणजे तपासायला ग्रंथीचा तुकडा काढण्याची. रोजंदारीवरच्या माणसाची आणि सोबत आलेल्या मुलाची, दोघांचीही मजुरी प्रत्येक फेरीत बुडते. तिसऱ्या फेरीला तो येत नाही, आणि फाइलवर शेरा पडतो, ‘रुग्ण आला नाही’. हा शेरा मला फार अन्यायाचा वाटतो.

यातलं काही आजही बदलता येईल. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्राइम नावाच्या वैद्यकीय अभ्यासात कॉन्ट्रास्टचं (प्रतिमा ठळक करणाऱ्या द्रव्याचं) इंजेक्शन न देता केलेला छोटा एमआरआय महत्त्वाचे कर्करोग शोधण्यात पूर्ण एमआरआयपेक्षा कमी ठरला नाही. प्रतिमा चांगल्या हव्यात, ही अट आहेच. पण इंजेक्शन वाचतं, वेळ वाचतो, त्याच यंत्रावर जास्त माणसं बसतात. प्रतिमा लांबच्या तज्ज्ञाकडे पाठवून त्याच दिवशी वाचून घेता येतात.

आणि अपॉइंटमेंट देणाऱ्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. लांबून येणाऱ्याला सकाळी सातची वेळ दिली, की आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च आपणच त्याच्या माथी मारतो. त्याला दुपारी बाराची वेळ द्या आणि संध्याकाळच्या गाडीआधी रिपोर्ट हातात द्या.