कुपीची बाहेरची बाजू

[दृश्य: गोव्यातील एका रुग्णालयाचे औषध भांडार. जुलैतील सकाळ, खिडकीबाहेर पाऊस.]

फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवलेल्या या काचेच्या कुपीला मिनिटभरातच घाम सुटला आहे. पावसाळ्यातील अशा सकाळी गोव्याच्या हवेत 90 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते, तेव्हा त्यात नवल काही नाही. साध्या प्रतिजैविकाची कुपी असती, तर फार्मासिस्टने ती पुसून बाजूला ठेवली असती. ही कुपी मात्र केमोथेरपीच्या औषधाची आहे आणि काचेवरची ओल हवेतून आली की बुचाकडून झिरपली, हे ठरल्याशिवाय तिला पुढे जाऊ देता येत नाही. अशा औषधांपैकी डॉक्सोरुबिसिन लालभडक असल्याने गळले तर लपत नाही. विन्क्रिस्टीनचे द्रावण पाण्यासारखे रंगहीन असते, आणि फ्रीजमध्ये दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली असतात.

एरवी औषधाचे वेष्टन औषधाला हवेपासून, उन्हापासून, ओलीपासून जपते. या कुपीच्या बाबतीत ते काम तर आहेच, शिवाय एक उलटे कामही आहे: कुपी हाताळणाऱ्या माणसाला औषधापासून जपायचे. वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारणारी ही औषधे रुग्णाची पेशी कोणती आणि परिचारिकेची कोणती, हे ओळखत नाहीत. 1979 मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी अशी औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकीय बदल घडवू शकणारी द्रव्ये आढळल्याचे प्रसिद्ध केले, आणि औषध देणाऱ्यालाही त्याची बाधा होत असावी, ही शंका गंभीरपणे घेतली जाऊ लागली.

[दृश्य: वेर्णा पठार. औद्योगिक वसाहतीतून मुख्य रस्त्याला लागणारे ट्रक.]

वेर्णा, कुंडई, पिळर्ण या वसाहतींमुळे औषधनिर्मिती हा गोव्यातील घरोघरचा विषय झाला आहे. कोणाचा ना कोणाचा भाऊ किंवा भाची पॅकिंगच्या पाळीवर असतेच. मात्र सील न मोडलेल्या, कुठेही तडा न गेलेल्या कुपीच्या बाहेरूनही धोका असू शकतो, हे या घरांतही सर्वांना ठाऊक असेल असे नाही. भरताना उडालेला सूक्ष्म थेंब किंवा पावडरीचा कण काचेच्या बाहेरच्या अंगाला चिकटून राहू शकतो. म्हणून रबरी बुचावर ॲल्युमिनियमचे सील घट्ट बसल्यानंतर आणि लेबल लागण्याआधी कुपी बाहेरून धुऊन सुकवण्याची पद्धत आहे. तरीही कारखान्यातून आलेल्या नव्या कुप्यांच्या पृष्ठभागावर औषधाचे अंश मोजले गेले आहेत. अमेरिकेतील नायोश या कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेने 2004 मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार हातमोज्यांची गरज औषध तयार करणाऱ्यापासून नव्हे, तर खोका उघडणाऱ्यापासून सुरू होते. खोका बहुतेक वेळा उघडतो तो भांडारातला मदतनीस, आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्याचे नाव शेवटी येते, आले तर.

[दृश्य: कुपी, अगदी जवळून. हातमोजा घातलेली बोटे ती हळूहळू फिरवतात.]

आता ही कुपी नीट पाहावी. तळाशी पारदर्शक प्लास्टिकची उथळ वाटी आहे. कुपी पडली की पुष्कळदा तळाच्या कडेवरच आपटते, तो मार ही वाटी झेलते. वाटीपासून मानेपर्यंत काचेला लगटून पातळ फिल्म चढवलेली आहे, जिला पॅकिंगवाले ‘स्लीव्ह’ म्हणतात. उष्णतेने ती आकसते आणि काचेवर कातडीसारखी बसते. काच फुटलीच, तर तुकडे आणि द्रव शक्यतो आतच अडकून राहावे, धुण्यातून सुटलेला अंश बोटांना लागू नये आणि लेबल ओलीने पुसट होऊ नये, ही तिन्ही कामे तिच्याकडे आहेत. वरची रंगीत टोपी तेवढी अंगठ्याने उडवायची; स्लीव्ह काढायची नसते. घाईच्या वेळी ती साधे वेष्टन समजून नखाने सोलली जाण्याची भीती असते, म्हणून तिच्यावर तसे ठळक छापलेले असावे, असे आम्हाला वाटते. कार्टनवरच्या चकचकीत छपाईपेक्षा ती शाई अधिक कामी येईल.

बाहेरचा शिपर, म्हणजे पुठ्ठ्याचा मोठा खोका, ही त्यानंतरची भिंत. ज्या औषधांची गणना वाहतुकीत विषारी मालात होते, त्यांच्या मध्यम धोक्याच्या गटासाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार खोका 1.2 मीटरवरून तळावर, माथ्यावर, बाजूंवर आणि कोपऱ्यावर पाडून तपासतात. चाचणीआधी पुठ्ठा साधारणपणे 23 अंश सेल्सिअस तापमानात आणि 50 टक्के आर्द्रतेत किमान 24 तास ठेवतात. दाबोळी किंवा मोपा विमानतळावर जुलैत उतरवलेल्या खोक्याला अशी हवा कुठून मिळणार? ओल शोषलेला पुठ्ठा मऊ पडतो आणि थप्पीतला सर्वांत खालचा खोका आधी बसतो. त्यामुळे पावसाळ्यात खोके फळीवर, भिंतीपासून दूर आणि कमी उंचीच्या थप्प्यांत ठेवणे, हाही संरक्षक वेष्टनाचाच भाग मानायला हवा.

[दृश्य: पुन्हा भांडार. पिवळी पिशवी.]

टिपकागदावर रंगाचा डाग नाही, सील घट्ट आहे, उलटी धरल्यावर बुचाशी नवा थेंब जमत नाही. ओल हवेचीच ठरली. टिपकागद पिवळ्या पिशवीत गेला, हातमोजेही त्याच पिशवीत. दुपारी औषध काढून घेतल्यावर रिकामी कुपीही तिथेच येईल. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा जाळायचा तर 1200 अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. फार्मासिस्ट नवे हातमोजे चढवतात आणि कुपी ट्रेमध्ये ठेवतात. तिच्यावर पुन्हा बारीक थेंब जमू लागले आहेत.