सीतेची वेणी: आधी मुळं बघा

नमस्कार. विषय छापलाय ‘सीतेच्या वेणीची लागवड’. लागवडीकडे येणारच आहे, पण त्याआधी एक तक्रार.

सीतेची वेणी ही झाडांवर वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड. आंब्यावर ही आमरी दिसली की माळी म्हणतो, “बांडगूळ आहे, काढून टाकू.” आणि कोयता चालतो. अहो, बांडगूळ झाडाच्या लाकडात शोषकमुळं घुसवतं आणि त्याचं पाणी, क्षार पळवतं. फांदी मेली की तेही मरतं. आमरीची मुळं सालीवर नुसती चिकटलेली असतात, आत शिरत नाहीत. म्हणून ती वाळक्या ओंडक्यावरही मजेत वाढते. ओळखायचं कसं? बुंध्याशी बघा. बांडगुळाच्या सांध्यापाशी फांदीला गाठ आलेली असते. आमरीचा बुंधा मोकळा आणि भोवती बोटाएवढी जाड, रुपेरी मुळं पसरलेली. आंब्याला मोहर कमी आला तर त्याचं खापर हिच्यावर फोडू नका.

या मुळांवर माझा फार जीव आहे, फुलांचे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये आहेतच. मुळावर मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडं असताना त्यात हवा भरलेली, म्हणून ते रुपेरी दिसतं. पाणी शिंपडलं की आवरण पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य डोकावतं. घरी करून बघा, मिनिटाभरात रंग पालटतो. पाणी द्यायचं की नाही, हे मूळच सांगतं.

आता हेच मूळ हौसेने मातीत पुरलं तर? व्हेलामेन सतत ओलं राहतं, हवा मिळत नाही, मूळ कुजतं. मूळ गेलं की पानं सुरकुततात. मग मालक म्हणतो, बिचारी तहानलेली दिसते, आणि आणखी एक तांब्या ओततो! (हसताय म्हणजे ओतलेला दिसतोय.)

बरं, संयोजक घड्याळ दाखवतायत, लागवड भराभर सांगतो.

खडबडीत सालीचा ओंडका किंवा लाकडी पट्ट्यांची जाळीदार टोपली घ्या. टोपलीत कोळशाचे आणि विटांचे मोठे तुकडे, थोडी नारळाची सोडणं. माती अजिबात नाही. मुळं दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा, लवचीक होतात. मग सुतळीने बांधा. तांब्याची तार नको, तांबं मुळांना मारक. बुंधा वरच ठेवा, गाडू नका. एकदा मुळं धरली की रोप हलवू नका, त्याला ते मानवत नाही.

पन्नास टक्के शेडनेटखाली, वारा खेळेल अशा जागी टांगा. उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी, थंडीत तीन-चार दिवसांनी. वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान) खत, लिटरला अर्धा ग्रॅम, तेही मुळं भिजवून झाल्यावर. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने भरपूर धुवा, क्षार साचतात. पानं गडद हिरवीगार आणि फूल नाही, तर उजेड कमी पडतोय.

पावसाळ्यात शेंड्यात पाणी साचलं की शेंडा सडतो, आणि वाढीचं टोक एकच असल्याने रोपाचं कठीण होतं. त्यासाठी रोप किंचित तिरकं टांगा. गोगलगायी कोवळी मुळटोकं खातात, त्यांना रात्री बॅटरी घेऊन वेचा. सगळं जमलं तर साधारण मे-जूनमध्ये गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांच्या फुलांचा लांब घोस लोंबेल. आसामात तो बिहूच्या नाचात केसांत माळतात, तिथलं ते राज्यफूल आहे.

बियांपासून? बी धुळीएवढं, त्यात अन्नसाठा नाही. निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीनेच रुजतं. १९२२ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर (जेलीसारख्या माध्यमावर) बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं, आजच्या प्रयोगशाळांतली रोपं त्याच वाटेने येतात. विकत घेताना तसलंच रोप मागा, जंगलातून ओरबाडलेलं नको. ओळख सोपी आहे: जंगलातल्या रोपाच्या मुळांना झाडाची साल चिकटलेली असते, आणि मुळं तुटलेली असतात.