कपाटातली पुस्तकं आणि वाचणारे हात

मंडळी, मंदिर, मशीद, चर्च, सिनेगॉग, गुरुद्वारा, विहार अशा ठिकाणी पुस्तकांचं एखादं कपाट बहुधा असतंच. पण त्या कपाटाचं ग्रंथालय होतं ते देवघेवीने. अडचण अशी, की पुस्तक पवित्र म्हणून जपलं जातं आणि पवित्र म्हणूनच ते कुणाच्या हाती द्यायला मन धजत नाही.

ही अडचण फार जुनी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या ४८व्या प्रकरणात सांगितलं आहे, की उपवासकाळात प्रत्येकाला एकेक पुस्तक द्यावं आणि त्याने ते सुरुवातीपासून सलग वाचावं. वाचनाच्या वेळी कुणी आळसात बसलेलं नाही ना, हे पाहायला एक-दोन ज्येष्ठांनी फेरी मारावी. पुढे अकराव्या शतकात इंग्लंडमधल्या कँटरबरीचे आर्चबिशप लॅनफ्रँक यांनी त्याचा रीतसर विधीच घालून दिला. पुस्तकं गालिच्यावर मांडायची, गेल्या वर्षी कुणी काय नेलं त्याची यादी वाचायची आणि नाव आलं की पुस्तक परत करायचं. वाचून झालं नसेल तर सर्वांसमोर दंडवत घालून चूक कबूल करायची. असं कुणाला खजील करणं आज नकोच. पण वर्षातून एकदा सगळी पुस्तकं एकत्र आणून यादीशी ताडून पाहणं आणि त्याच दिवशी पुन्हा वाटणं, ही रीत मला आजही घ्यावीशी वाटते.

जैन ज्ञानभांडारांनी, म्हणजे पोथ्यांच्या संग्रहांनी, वेगळी वाट काढली. साधू अपरिग्रही, शिवाय सतत पायी फिरणारे. ते पोथ्यांचा साठा बाळगणार कसे? म्हणून राखण संघातल्या गृहस्थांकडे आणि अभ्यास साधू-साध्वींकडे. जैसलमेर आणि पाटणची भांडारं अशीच शतकानुशतकं सांभाळली गेली. कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे ज्ञानपंचमीला, पोथ्या बाहेर काढून झाडायच्या आणि पुजायच्या. पावसाळ्याची दमट हवा सरलेली असते, म्हणजे पूजेच्या निमित्ताने तपासणीही होऊन जाते. जतनाचं काम सणाला जोडलं की ते विसरलं जात नाही, ही फार मोठी सोय आहे.

आजचा ग्रंथपाल बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक असतो. त्याला पगार नसतो, प्रशिक्षण क्वचितच असतं, आणि नकार द्यायचा अधिकार तर नसतोच. या शेवटच्या गोष्टीने सर्वांत जास्त नुकसान होतं. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की त्यांचा संग्रह श्रद्धेने संस्थेत येतो. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती साठतात, पण तोंडावर नाही म्हणायचं कुणी? म्हणून कार्यकारिणीने लेखी ठराव करावा: काय घेऊ, काय घेणार नाही, आलेल्या पुस्तकाचं पुढे काय करायचं. मग तो नकार एका माणसाचा राहत नाही. दुसऱ्या पंथांची, आपल्यावर टीका करणारी पुस्तकं ठेवायची का, हेही त्याच ठरावात स्पष्ट करावं. माझं मत विचाराल तर ठेवावीत, आणि उघड्या फडताळावर ठेवावीत.

वर्गीकरणाबद्दल थोडंच सांगतो. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीत धर्माच्या २०० या वर्गातली २२० ते २८० ही दालनं बायबल आणि ख्रिस्ती धर्मासाठी आहेत, बाकीचे सगळे धर्म २९०मध्ये दाटीवाटीने बसवलेले. तिथे बिगरख्रिस्ती संस्थेची जवळजवळ सगळी पुस्तकं एकाच आकड्याखाली गर्दी करतात. अशा वेळी आपल्या वाचकांना समजतील असे साधे विभाग पाडावेत. ती यादी मात्र लिहून ठेवावी, नाहीतर माणूस बदलला की मांडणीही बदलते.

खरा पेच जीर्ण पुस्तकांचा. इतर ग्रंथालयं निर्लेखन करून, म्हणजे नोंदीतून कमी करून, पुस्तक रद्दीत देतात. धर्मग्रंथ असा देता येत नाही. ज्यू परंपरेत ईश्वराचं नाव असलेले जुने कागद गेनिझात, म्हणजे अशा कागदांसाठी राखलेल्या जागेत, ठेवतात आणि पुढे पुरतात. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या गेनिझात मात्र ते शतकानुशतकं तसेच राहिले. तिथून अभ्यासक सॉलोमन शेश्टर यांनी १८९६-९७ मध्ये सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिज विद्यापीठात आणले. त्यांत धर्मग्रंथांसोबत करार होते, व्यापाऱ्यांची पत्रं होती, मुलांचे अक्षर गिरवण्याचे कागदही होते. मध्ययुगीन भूमध्य समुद्राकाठचं रोजचं जगणं इतिहासकारांना कळलं ते या बाजूला सारलेल्या कागदांतून.

तेव्हा जीर्ण धर्मग्रंथाला आपापल्या परंपरेप्रमाणे निरोप द्या आणि दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या वहीत, तारखेसह तशी नोंद करा. पण सभांची इतिवृत्तं, उत्सवांची पत्रकं, प्रवचनांच्या वह्या, जुने हिशेब यांना हात लावू नका. छापील ग्रंथाची दुसरी प्रत कुठेतरी मिळेल, हे कागद मात्र तुमच्या संस्थेखेरीज कुणाकडेच नाहीत. त्यांना वेगळं कपाट द्या, आणि ते पाहायला येणाऱ्या अभ्यासकासाठी आठवड्यातला एक वार ठरवून द्या.