टेबलावर नऊ पिस्तुलं

(पत्र्याच्या शेडचं दार सरकतं. बाहेर बर्फ.)

अमेरिकेतलं उत्तर आयडाहो. सँडपॉईंट गावाबाहेरची ही शेड. हिमवादळात वीज जाते, वणवा पेटला की रस्ते बंद होतात. अशा वेळी एकमेकांना धरून राहायचं म्हणून नऊ कुटुंबांनी गट केलाय. पाणी, धान्य, औषधं, वायरलेस, सगळं वाटून ठरलेलं. पिस्तूल मात्र ज्याचं त्याचं.

ते कसं, या टेबलावर पाहा. नऊ पिस्तुलं, चार मापांच्या गोळ्या. हे मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी, त्या पिस्तुलात घालून बघतायत.

(मॅगझिन अडल्याचा आवाज. पुन्हा एकदा.)

जात नाही. शेजाऱ्याकडे पेटीभर गोळ्या आणि आपलं पिस्तूल रिकामं, ही वेळ येऊ नये म्हणून सगळ्यांसाठी एकच पिस्तूल ठरवायची आजची बैठक.

आधी गोळी ठरली, पिस्तूल नंतर. हाच क्रम योग्य आहे. दुकानात शिरणारे बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. गोळी नऊ मिलिमीटरची. शंभर वर्षांहून जुनी, नाटोच्या सैन्यांत रुळलेली, अमेरिकी पोलिसांच्या कमरेला सगळीकडे दिसणारी. (आपल्याकडे हे माप सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहे.) पण जी गोळी सगळ्यांना चालते, ती सगळेच उचलतात. २०२० मध्ये दुकानांतली नऊ मिलिमीटरची फळी महिनोन्‌महिने रिकामी होती. म्हणून साठा आत्ताच करायचा, आणि तो सामायिक.

आता पिस्तूल. ग्लॉक १९. ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १९८२ साली ग्लॉक १७ स्वीकारलं, त्याचंच हे १९८८ मधलं आखूड भावंड. मॅगझिनमध्ये १५ गोळ्या.

जवळून पाहा. स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग, नळी, स्प्रिंग, खालचा सांगाडा. चार भाग, हत्याराशिवाय सुटे. मात्र स्लाइड काढण्याआधी चाप ओढावा लागतो. नळीत गोळी राहिली असेल तर ती तिथेच सुटते. म्हणून आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग डोळ्यांनी आणि बोटानंही खात्री. या बाई तेच करतायत. तिसऱ्यांदा.

त्यांचा हात गटात सगळ्यात लहान. निवड त्यांच्याच हातावरून झाली, आणि मला ही या बैठकीतली सर्वात शहाणी गोष्ट वाटते. मोठ्या हाताला लहान मूठ चालवून घेता येते, लहान हाताला मोठी नाही. मुठीची मागची पट्टी बदलता येते.

हा मुलगा डावखुरा. पाचव्या पिढीच्या ग्लॉकमध्ये मॅगझिन सोडायचं बटण उजवीकडे बसवता येतं. पण मग एकाच बाजूला खाच असलेली जुनी मॅगझिनं त्यात अडकत नाहीत. हे दोन तास कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता प्रत्येक मॅगझिन उलटून खाच तपासणं चाललंय. एका खाचेची त्या डब्यात.

दोन कुटुंबं शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातली. तिथे १ जुलै २०२२ पासून दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन विकायला आणि राज्यात आणायला बंदी आहे. त्यांच्यासाठी दहाचीच घेतली. पिस्तूल तेच, त्यामुळे बाकी काही बदलत नाही.

आणि हे आजोबा. त्यांचं नाइन्टीन-इलेव्हन, जुन्या घडणीचं पिस्तूल. गोळीचं माप वेगळं, पॉइंट फोर्टी-फाइव्ह इंच. मॅगझिनमध्ये सात गोळ्या. वडिलांचं.

(निवेदन थांबतं. ते पिस्तूल फडक्यात गुंडाळतात, लाकडी पेटीत ठेवतात. बारा सेकंद.)

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या. गटानं घरोघरी कुलपाची लोखंडी पेटी सक्तीची केली आहे.

दुपारी सराव. पहिली फेरी गोळीविना: चालू मॅगझिन काढायचं, शेजारच्याचं घ्यायचं, बसवायचं. सकाळी या टेबलावर जे अडत होतं, तेच.

(खट्. खट्. खट्. नऊ वेळा.)