नऊ अक्षरांची शेपटी

1 जून ते 31 जुलै. मासेमारी बंद. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या शाकारून ठेवलेल्या आणि मासळी निर्यातदाराच्या ऑफिसात एखाद-दुसरा कारकून. सर्व्हर मात्र चालूच. अकाउंटंटला घरून टॅली उघडता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचा, 3389 पोर्ट (नेटवर्कचं दार) इंटरनेटवर उघडा ठेवलेला. फाइलींना कुलूप लावून पैसे मागणाऱ्या नव्या, छोट्या खंडणीखोर टोळीला एवढं पुरतं.

सकाळी फाइली उघडत नाहीत. प्रत्येकीच्या नावामागे नऊ अक्षरांची शेपटी, आणि त्याच नऊ अक्षरांनी नाव सुरू होणारी रीडमी, म्हणजे खंडणीची चिठ्ठी. टोळीचं नाव कुणी ऐकलेलं नाही, पण ही खूण लॉकबिट 3.0 या फाइली लॉक करणाऱ्या सॉफ्टवेअरची. त्याचा बिल्डर, म्हणजे ते तयार करून देणारं साधन, सप्टेंबर 2022 मध्ये फुटला आणि कुणाच्याही हाती गेला. म्हणून नुसत्या कुलपावरून चोर ठरवू नये. चोराच्या सवयी बघाव्यात.

आधी नेटवर्कची वायर काढायची. मशीन बंद करायचं नाही, रॅममधला पुरावा जाईल. पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा यूपीएस तपासून लगेच रॅमची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची.

मग लॉग, म्हणजे संगणकानं ठेवलेल्या नोंदी. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये 4625 क्रमांकाची नोंद म्हणजे फसलेलं लॉगिन, 4624 म्हणजे साधलेलं. इथेच बहुतेक तपास अडतो. या लॉगची ठरीव मर्यादा 20 एमबी; हजारो पासवर्ड आपटले की जुन्या नोंदी पुसल्या जातात. 1102 दिसला, तर लॉग कुणीतरी मुद्दाम साफ केलाय. तरी हात टेकू नयेत. रिमोट डेस्कटॉपची सत्रं नोंदवणारा, टर्मिनल सर्व्हिसेसच्या लोकल सेशन मॅनेजरचा लॉग वेगळा असतो, आणि हल्लेखोर तो बरेचदा विसरतात. त्यातल्या 21 क्रमांकाच्या नोंदीत युजर आणि आयपी पत्ता सापडतो. वेळा जुळवताना एक जपावं: काही साधनं भारतीय वेळ न देता यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ देतात. साडेपाच तासांची चूक झाली की भलत्याच माणसावर संशय जातो.

रीडमीतला मजकूर शब्दन् शब्द जपावा. व्याकरणाच्या चुका, मुदतीचे दिवस, संपर्काची रीत, सगळं. बिल्डर तोच असला तरी हा मजकूर टोळी स्वतः लिहिते. दोन ठिकाणी तीच चूक दिसली, तर धागा लागतो. बिटकॉइनचा पत्ता दर बळीला नवा असू शकतो. पैसे पुढे कुठे एकत्र होतात ते बिटकॉइनच्या सार्वजनिक खातेवहीत (ब्लॉकचेनवर) बघावं.

रीडमी किंवा कुलूप लावणारी मूळ फाइल सार्वजनिक व्हायरस-स्कॅनरवर टाकू नये. तिच्यात वाटाघाटीच्या चॅटचा आयडी असतो. तो वाचून तिऱ्हाईतही त्या चॅटमध्ये शिरू शकतो. तिथे फक्त फाइलीचा एसएचए-256 हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, शोधावा.

घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणं बंधनकारक आहे.

लॉक झालेली डिस्क पुसू नये. आज चावी नसली तरी पुढे मिळू शकते. 2016 पासून चालणाऱ्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर फाइली उघडणाऱ्या अशा चाव्या मोफत येतात. डिस्कवर तारीख लिहावी, आणि इथली खारी, दमट हवा लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून ती हवाबंद डब्यात ठेवावी.