डब्याला खालून एक भोक ठेवा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय सणाच्या दिवसात घराबाहेर लागणाऱ्या लाइटच्या माळांबद्दल, म्हणजे खरं तर माळांबद्दल नाहीच, त्या माळा ज्या डब्यातून चालतात त्या डब्याबद्दल. हल्ली रंग बदलणाऱ्या, प्रोग्रॅमवर नाचणाऱ्या माळा सगळेच लावतात, म्हणजे कुठेतरी एक कंट्रोलर आला, एक पॉवर सप्लाय आला, आणि या दोघांना पाऊस, दव, काही चालत नाही, म्हणून प्लास्टिकचा डबा. आणि डबा म्हटलं की डोक्यात एकच येतं, गच्च बंद करून टाकू. मीही तेच केलं होतं, ती गोष्ट आधी सांगतो, कारण मला जे कळलं ते सगळं त्यातूनच कळलं.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. राखाडी प्लास्टिकचा चांगला जाड डबा घेतला, झाकणाला रबरी गॅस्केट, आत १२ व्होल्टचा सप्लाय आणि कंट्रोलर. वायरी जिथून आत शिरतात तिथे सिलिकॉन भरलं, झाकणाच्या कडेनं पुन्हा सिलिकॉन फिरवलं, अख्खी ट्यूब संपवली. तीन दिवस पाऊस पडला आणि सगळं झकास चाललं. चौथ्या दिवशी संध्याकाळी अर्धी माळ लाल झाली आणि तशीच अडकून बसली. मेन स्विच बंद केला, शिडी लावून डबा काढला, उचलतानाच आत काहीतरी डुचमळल्यासारखं झालं. ब्लेडनं सिलिकॉन कापून झाकण उघडलं तर तळाला दोन बोटं पाणी, कंट्रोलरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब, गरम पातेल्यावरचं झाकण उचलल्यावर दिसतात ना अगदी तसे.

मला पटेचना. म्हणून तो डबा रिकामा केला, पुसला, आत कोरडा कागदी रुमाल ठेवला, वायरींची टोकं वर धरून डबा बादलीत अर्धा तास बुडवला. रुमाल कोरडाच! म्हणजे झाकण गळत नव्हतं, सांधे गळत नव्हते. मग डबा उन्हात तापवला आणि तापलेला तसाच थंड पाण्यात बुडवला, यावेळी माळेकडे जाणाऱ्या वायरीचं टोक पण पाण्यातच सोडलं. दहा मिनिटांनी रुमाल भिजलेला. आता पाणी आलं कुठून? तर वायरीच्या पोटातून! वायरीत तांब्याच्या बारीक तारा असतात, त्यांच्यामध्ये फटी असतात, पाणी त्या फटींतून प्लास्टिकच्या आतल्या आत चालत गेलं. नंतर ती जुनी वायर सोलून बघितली तर वीतभर आत तांबं काळं पडलेलं होतं, आणि तिचं दुसरं टोक, म्हणजे माळेचा कनेक्टर, पावसाचे तीन दिवस जमिनीवर डबक्यात पडून होता.

आता हे का होतं ते थोडक्यात. दिवसा डबा तापतो, आतली हवा फुगते आणि मिळेल तिथून बाहेर जाते. संध्याकाळी सर आली की डबा एकदम गार होतो, हवा आकसते आणि डबा ओढायला लागतो. ५० अंशावरून २० अंशावर आला तर आतला दाब ९ टक्क्यांच्या आसपास पडतो, म्हणजे जवळजवळ मीटरभर पाण्याच्या उंचीएवढी ओढ. डब्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं ना, म्हणजे धूळ-पाणी किती अडवतो त्याचा नंबर, त्यातला ६ धुळीचा आणि ७ पाण्याचा, म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. आपला डबा तेवढी ओढ रोज संध्याकाळी लावतो, आणि एकदा आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते, कारण वाट आपणच बुजवलेली असते.

म्हणून लक्षात ठेवा, डब्याला खालून एक भोक. पुन्हा सांगतो, खालून, सगळ्यात खालच्या जागी, चार-पाच मिलिमीटरचं. भोक पाडलं की आयपीचा नंबर गेला हे खरंच आहे, पण डबा उभा टांगलेला असेल आणि जमिनीपासून वर असेल तर हेच बरं. पैसे घालायचे असतील तर हवा जाऊ देणारा, पाणी अडवणारा व्हेंट मिळतो, तो लावा.

दुसरं, वायरी पण खालूनच आत घ्यायच्या, वरून कधीच नाही, आणि आत जाण्याआधी वायरीला खाली झोल द्यायचा म्हणजे ओघळणारं पाणी झोलावरून टपकून जातं. सिलिकॉनच्या गोळ्यापेक्षा केबल ग्लँड, म्हणजे वायरीभोवती रबर आवळून बसवणारा नट, वापरा, एका ग्लँडमधून एकच गोल केबल, दोन चपट्या वायरी कोंबल्या की ती गळणारच. माळेच्या टोकाला आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आकसून घट्ट बसणारी नळी, घाला. सिलिकॉन लावायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते सुकताना ॲसिड सोडतं आणि तांबं खातं, न्यूट्रल लिहिलेलं घ्या.

प्लास्टिक कुठलं म्हणाल तर पॉलिकार्बोनेट चांगलं, फक्त ॲसिटोननं पुसू नका, तडे जातात. साधं एबीएस, म्हणजे स्वस्त डब्यांचं प्लास्टिक, उन्हात पिवळं पडून ठिसूळ होतं, म्हणून तो डबा सावलीत लावा. सावली तशीही हवीच, ३५० वॉटचा सप्लाय पूर्ण लोडवर साठेक वॉट नुसती उष्णता काढतो, त्याला मोठा डबा द्या.

आणि हो, माळा रात्रभर चालू ठेवू नका हो, रात्री अकराला टायमरनं बंद करा, झाडावर पक्षी झोपलेले असतात, शेजाऱ्यांच्या खिडकीत उजेड जातो, मला हे फार मनापासून वाटतं. बरं, डब्याकडे येऊ. मेन्सची बाजू इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आहे ना, विचारा त्याला.

डबा टांगला की आत कोरडा कागदी रुमाल ठेवा आणि पहिल्या पावसानंतर, स्विच बंद करून, उघडून बघा. माझ्या दुसऱ्या डब्यात रुमाल कोरडा निघाला, पण खालच्या भोकातून मुंग्या शिरल्या होत्या, तेव्हा भोकाला आतून बारीक जाळी चिकटवा, पाणी जाईल इतपत. नमस्कार.