बुडावरची सही

म्युझियममध्ये मडकं बघायचं म्हटलं की आपण पोट बघतो, गळा बघतो, नक्षी बघतो, पण आज मी तुम्हाला बूड बघायला सांगणार आहे. कारण अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडे न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनात पुएब्लो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची जी गावं आहेत (गावालाही पुएब्लोच म्हणतात; न्यू मेक्सिकोत 19, शिवाय पलीकडे ॲरिझोनात होपी), तिथल्या मडक्यांची गेल्या शंभर वर्षांची बरीचशी भानगड बुडावर लिहिलेली आहे. त्याआधी शेकडो वर्षं बुडावर काहीच नव्हतं. बायका मडकी करायच्या, धान्य साठवायला, पाणी आणायला, सणासमारंभाला, आणि कोणी केलंय ते गावात सगळ्यांना माहीतच असायचं, मग नाव कशाला घालायचं?

आधी मडकं होतं कसं ते बघू, कारण इथे चाक नाही. आपल्याकडे कुंभाराचं चाक पुरुषाच्या हातात आणि परंपरेने बाईने त्याला हात लावायचा नाही, तिकडे चाकच नाही आणि काम मुळात बायकांचं. डोंगरातून माती आणायची, आणण्याआधी तिची परवानगी मागायची, प्रार्थना करायची, आणि हे शोभेसाठी नाही बरं का, आजही करतात. माती तडकू नये म्हणून तिच्यात काहीतरी खरखरीत मिसळावं लागतं. सान इल्डेफोन्सो या पुएब्लोत ज्वालामुखीची राख मिसळतात, आकोमा पुएब्लोत जुन्या फुटक्या मडक्यांचे तुकडे दळून घालतात, म्हणजे आजीचं मडकं नातीच्या मडक्यात जातं, अगदी शब्दशः. मग मातीच्या लांब वळ्या करून एकावर एक चढवायच्या, भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्याने खरवडून भिंत पातळ करायची, गेरूसारख्या तांबड्या मातीचा पातळ लेप द्यायचा आणि तो ओला असतानाच नदीतल्या गुळगुळीत दगडाने घोटायचा. हे दगड घराण्यात आईकडून लेकीकडे जातात. ती चमक बघून लोकांना वाटतं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप आहे, पण ग्लेझ अजिबात नाही, नुसतं घोटणं!

आता काळा रंग. हा माझा आवडता भाग, थोडा वेळ घेतो. उघड्यावर लाकडं आणि गोवऱ्या रचून मडकी भाजतात. तसंच भाजून काढलं तर मडकं तांबडं निघतं. पण नेमक्या वेळी त्या जाळावर घोड्याच्या लिदीचा भुगा टाकून तो कोंडला की आत हवा पोचत नाही, मातीतलं तांबडं लोह काळं पडतं, वरून धुराची काजळी अंगात मुरते आणि तेच मडकं आरशासारखं काळं बाहेर येतं. वेळ चुकली की गेलं, आणि वारा सुटला तरी गेलं.

हे तंत्र जुनंच, शेजारच्या सांता क्लारात तर चांगलंच मुरलेलं. पण सान इल्डेफोन्सोच्या मारिया मार्टिनेझ आणि त्यांचे पती ज्युलियन यांनी 1919 च्या आसपास एक वेगळीच गोष्ट केली. मारिया मडकं घडवून घोटायच्या, मग त्या चकचकीत अंगावर ज्युलियन मातीच्या लेपानेच नक्षी काढायचे, अवान्यू नावाचा पाण्याचा शिंगवाला नाग, नाहीतर गोलात मांडलेली पिसं, आणि भाजल्यावर जिथे ब्रश फिरला तिथे मंद काळं, बाकी लखलखीत काळं. काळ्यावर काळं. आधी एडगर ह्युएट नावाच्या पुरातत्त्ववाल्याने जवळच्या उत्खननातले तुकडे दाखवून असं भांडं करून द्याल का असं विचारलं होतं, त्या खटपटीतून हे दोघं प्रयोगाला लागले होते. एव्हाना रेल्वे येऊन चाळीसेक वर्षं झाली होती, टुरिस्ट येत होते, मागणी तुफान वाढली.

आणि गिऱ्हाइकाला सही हवी होती. गोऱ्या गिऱ्हाइकाला कलाकार म्हणजे एक माणूस, एक नाव लागतं. मग 1920 नंतर बुडावर 'मारी' अशी सही यायला लागली. ज्युलियन यांचं नाव सुरुवातीला नाहीच, कारण मडकी म्हणजे बायकांचं काम. काही वर्षांनी 'मारी आणि ज्युलियन' आलं. ज्युलियन 1943 ला गेले, मग सून सांताना नक्षी काढायला लागल्या तर सहीत सांताना आल्या, नंतर मुलगा पोपोवी दा आला तर 'मारिया / पोपोवी'. उतारवयात एकटीनेच केलेल्या, बिननक्षीच्या मडक्यांवर 'मारिया पोवेका', हे त्यांचं तेवा भाषेतलं नाव. पण खरी गंमत पुढेच आहे. गावातल्या बायका आपली मडकी घेऊन यायच्या आणि मारिया त्यांवरही सही करून द्यायच्या, म्हणजे त्यांनाही चार पैसे जास्त मिळतील! कलेक्टर लोक यावरून अजून डोकं धरून बसतात, खरं कुठलं खोटं कुठलं. मला विचाराल तर दोन्ही खरी. त्यांच्या लेखी ती सही गावाची होती, बाजारालाच ते कळलं नाही.

होपींमध्ये मडकी करणाऱ्या नाम्पेयोंची तऱ्हा उलटी. सिक्यात्कीच्या जुन्या वस्तीतल्या तुकड्यांवरून त्यांनी ती शैली पुन्हा जिवंत केली, पण सही कधी केली नाही, लिहितावाचता येत नव्हतं. 1905 ला ग्रँड कॅन्यनच्या होपी हाउस या दुकानात टुरिस्टांसमोर बसून काम केलं, तिथे मडक्यावर दुकानाची चिठ्ठी लागायची. पुढे दृष्टी गेली तर घडवायच्या त्या आणि रंगवायच्या मुली. सांगा आता कोणाचं नाव घालणार?

कोचिटी पुएब्लोच्या हेलन कॉर्डेरोंबद्दल पटकन सांगतो. 1964 साली त्यांनी गोष्टी सांगणाऱ्या आजोबांची मूर्ती केली, अंगाखांद्यावर पोरं लोंबकळतायत. बघता बघता ती कल्पना इतर पुएब्लोंमधल्या कुंभारांनीही उचलली.

तुमच्यातले बरेच जण मुलांकडे अमेरिकेला जातात, सांता फेला गेलात तर जुन्या गव्हर्नर पॅलेसच्या ओसरीत कारागीर स्वतः विकायला बसलेले असतात, ऑगस्टात मोठा इंडियन मार्केट (इंडियन म्हणजे तिकडचे मूळ रहिवासी) भरतो, 1922 पासूनचा. दुकानातून घेणार असाल तर कोणी केलं, कुठल्या पुएब्लोचं, उघड्यावर भाजलंय की इलेक्ट्रिक भट्टीत, हे बिनधास्त विचारा. दुसऱ्याचा माल नेटिव्ह म्हणून विकणं 1990 च्या कायद्याने गुन्हा आहे. गावात गेलात तर फोटोआधी परवानगी घ्या, काही ठिकाणी कॅमेरा चालतच नाही. आणि घरी आणल्यावर काळ्या मडक्यात कृपा करून पाणी घालून फुलं ठेवू नका, कमी आचेवर भाजलेलं असतं, पाणी झिरपतं आणि ती घोटलेली चमक उतरते.